आम्ही कसले यात्री!

माझं लाऊडस्पीकरशी जुनं वैर आहे. या आठवड्यात खांदेश्वर स्टेशनातला भोंगा डोक्यात गेला. मराठीत मी 'प्रवासी' असतो, लगेच पुढच्या हिंदी वाक्यात 'यात्री' होतो. यात्रा म्हटली की आम्हाला पालखी दिसते, नाहीतर जत्रेतला पाळणा. डबा घेऊन वडाळ्याला खर्डेघाशी करायला निघालेला माणूस यात्रेकरू कसा?

ही कुरकुर आमच्या मजल्यावरच्या मल्याळी शेजाऱ्यांना ऐकवली, तर ते म्हणाले, "पण तुम्ही प्रवासी तरी कुठे? प्रवासी माझा धाकटा भाऊ. दुबईला असतो."

त्यांचं खरं आहे. संस्कृतात 'प्रवास' म्हणजे मुळात घरापासून लांब राहणं. हिंदीनं तोच अर्थ धरला. म्हणून 2003पासून 9 जानेवारीला 'प्रवासी भारतीय दिवस', आणि 2020च्या टाळेबंदीत हिंदी पेपरांत 'प्रवासी मजदूर', आपल्याकडे मात्र 'स्थलांतरित'. रामानंद चटर्जींनी 1901 साली अलाहाबादेत काढलेल्या बंगाली मासिकाचं नाव 'प्रवासी'. आपण, गुजराती आणि कानडी लोकांनी त्या राहण्याचं जाणं केलं. कर्नाटकात तर पर्यटन खात्यालाच 'प्रवासोद्यम' म्हणतात.

पण आमची पनवेल-सीएसएमटी लोकल पाहिली, तर मूळ अर्थच बरा वाटतो. सव्वा तासाच्या वर माणसं त्या डब्यात राहतातच की! भाजी निवडून होते, स्थळं जुळतात, संक्रांतीचं हळदीकुंकूही उरकतं. फक्त राहायला जागा मिळाली पाहिजे, आणि ती पनवेलकरांनी आधीच बळकावलेली असते. खिडकीशी बसून खांदेश्वर येईपर्यंत डोळे मिटून घेण्याची त्यांची हातोटी मी वर्षानुवर्षं पाहतो आहे. एक स्टेशन, आणि एवढी गाढ झोप!

म्हणून आमच्याकडचे हुशार लोक पास पनवेलपासूनचाच काढतात आणि उलट्या गाडीनं जाऊन 'रिटर्न' मारतात. हल्ली मानसरोवरचेही मारतात, त्यामुळे गाडी पनवेलला शिरतानाच खिडक्या गेलेल्या असतात. मला आपली नेरुळला कोणीतरी चौथी सीट देतं. तिच्यावर माझं निम्मं अंग बसतं, उरलेलं वडाळ्यापर्यंत उभंच असतं.