न मागता आलेला धडा

बंगळूरच्या दक्षिणेस आनेकल तालुका आहे. जिगणी, बोम्मसंद्र, अत्तिबेले येथील कारखाने, एकामागून एक उठणारी गृहसंकुले आणि त्यांच्या सावलीत पत्र्याच्या खोल्यांतून राहणारे बांधकाम मजूर, असे त्याचे आजचे रूप आहे. याच तालुक्यात सर्जापूरजवळ अझीम प्रेमजी विद्यापीठ आहे. ही संस्था विप्रोच्या भागभांडवलावर उभी राहिली, म्हणून तिच्या मातृसंस्थेने सप्टेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध केलेला अहवाल विशेष बोलका ठरतो. पाच राज्यांतील १,५२२ सरकारी शाळांची पाहणी करून त्यात निष्कर्ष काढला होता की, ६० टक्क्यांहून अधिक मुलांना ऑनलाइन शिक्षण मिळणे शक्यच झाले नाही. संगणकाच्या राजधानीतून आलेला हा कबुलीजबाब आहे.

तो आज आठवण्याचे कारण असे. मुलाने काही न मागता त्याच्या हातातील यंत्रावर धडा, प्रश्नावली व सूचना आपोआप धाडणाऱ्या योजनांचा आता नव्याने उदोउदो सुरू आहे. आधीची उत्तरे पाहून पुढचा धडा यंत्रच निवडील, असे सांगण्यात येते. या तंत्राला इंग्रजीत जो शब्द आहे, त्याचा सरळ अर्थ ‘ढकलणे’ असा होतो. भाषांतर करताना आम्ही त्यास ‘वितरण’ म्हणतो. मूळ शब्दच अधिक प्रामाणिक आहे.

वस्तुतः हा प्रयोग आपल्याकडे नवा नाही. आनेकलच्या बांधकामांवर राबणाऱ्यांत रायचूर, कलबुर्गीकडील अनेक कुटुंबे आहेत. त्याच जिल्ह्यांत, तसेच विजापुरात, १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर उपग्रहाद्वारे शैक्षणिक दूरदर्शनचा ‘साइट’ प्रयोग झाला. सहा राज्यांतील २,४०० खेड्यांत सामुदायिक संच बसविण्यात आले. सकाळच्या दीड तासाची शाळकरी मुलांसाठी चार भाषांत वाटणी होती. कन्नड कार्यक्रम तयार होत ते हैदराबादेत. रायचूरच्या मुलाला शंका आली तर ती हैदराबादेस पोहोचविण्याची वाट मात्र कोणी आखली नव्हती. उपग्रह अमेरिकेचा होता. ३१ जुलै १९७६ रोजी मुदत संपताच तो परत गेला. पुढे काही भागांत जमिनीवरील प्रक्षेपकांची सोय झाली, तरी धडा पाठविणाऱ्या साधनाची मालकी कोणाकडे आहे, हा प्रश्न त्या दिवशी पुरता उघडा पडला.

परंतु या प्रयोगातील एक भाग खरोखर मोलाचा होता आणि त्याची चर्चा फार थोडी होते. जवळपास ५०,००० प्राथमिक शिक्षकांना विज्ञान शिकविण्याचे प्रशिक्षण त्याच यंत्रणेतून देण्यात आले. तेथे यंत्र शिक्षकाच्या जागी आले नाही, शिक्षकाच्या पाठीशी उभे राहिले. केरळात १ जून २०२० रोजी सरकारी वाहिनीवरून पाठ सुरू झाले, तेव्हाही प्रारंभी काही मुले वंचित राहिलीच. पण वाचनालयांत व शेजारकेंद्रांत संच मांडून त्यांना एकत्र बसविण्याची जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थांनी अंगावर घेतली. कर्नाटकातही त्याच वर्षी ‘विद्यागम’ योजनेखाली शिक्षक वस्त्यांवर गेले आणि मुलांना देवळाच्या ओसरीवर, झाडाखाली जमवून शिकवू लागले. साथीच्या भीतीने ऑक्टोबरमध्ये ती योजना स्थगित झाली.

भांडवलाने स्वीकारलेला मार्ग याच्या नेमका उलट आहे. बंगळूरच्याच ‘बायजूज’ कंपनीचे मूल्य २०२२ मध्ये २,२०० कोटी डॉलर सांगितले जात होते. २०२४ मध्ये ती दिवाळखोरीच्या प्रक्रियेत ओढली गेली. कर्ज काढून शिकवणी विकत घेतलेल्या पालकांचे काय, हा प्रश्न ताळेबंदात कोठेच बसत नाही. शिवाय यंत्र नुसते देत नाही, घेतेही. मूल कोठे अडले, किती वेळ थबकले, कोठून पाहत होते, सारे नोंदले जाते. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने २०२२ मध्ये ४९ देशांच्या सरकारांनी पुरस्कारलेली शैक्षणिक साधने तपासली. दर दहांपैकी जवळपास नऊ साधने मुलांवर पाळत ठेवणारी वा तशी क्षमता असणारी आढळली. आपले सरकारी ‘दीक्षा’ही त्या अहवालात आहे.

यंत्राला आमचा विरोध नाही. कामगारवर्गाने यंत्राचे वैर कधीच धरू नये. चांगला नकाशा, चांगले प्रयोगचित्र दुर्गम शाळेत त्याच दिवशी पोहोचत असेल तर ते अवश्य पोहोचावे. पण रिक्त शिक्षकपदे न भरता पडदे वाटणे, किंवा महाराष्ट्रात २०२३ मध्ये पुढे आलेल्या ‘समूह शाळा’ योजनेप्रमाणे वीसहून कमी पटाच्या शाळा गुंडाळू पाहणे, याला आधुनिकता म्हणता येणार नाही. ज्या मुलाच्या घरी एकच फोन आहे आणि तो बापाबरोबर पहाटे कामावर जातो, त्याच्यासाठी धडा दुपारी कितीही अचूक निघाला तरी तो दिवसभर खिशातच राहतो.

शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत. पालक असलेल्या आमच्या साथींनी त्या समितीत बसावे. यंत्र शाळेत येण्यापूर्वी धडे कोणी निवडले, ते मुलाच्या भाषेत आहेत काय, नोंदी कोठे साठविल्या जातात आणि करार संपल्यावर त्या कोणाच्या ताब्यात राहतात, हे लेखी मागावे.