नदीची वाळू नदीला परत द्या

उजनी धरणातला गाळ काढण्याचा विषय निघाला की हिशेब दोनच मांडले जातात. साठा किती टीएमसीने वाढेल आणि वाळूतून महसूल किती मिळेल. भिंतीखालची भीमा या हिशेबात कुठेच नसते. १९८० साली हे धरण पूर्ण झाले आणि तेव्हापासून वरच्या खोऱ्यातून पुराबरोबर येणारी वाळू व गोटे फुगवट्यात अडकून पडले आहेत. खाली नरसिंहपूरला भीमेला मिळणारी नीराही भाटघर आणि वीर या धरणांमधून गाळून आलेली. वरून आवक अशी आटली असताना पंढरपूरपर्यंत आणि त्याच्याही खाली पात्रात उरलेली वाळू ट्रॅक्टर, डंपर भरभरून नेली गेली. चंद्रभागेच्या वाळवंटात पडलेल्या खड्ड्यांत भाविक बुडाल्याच्या बातम्या येतात, हळहळ होते आणि उपसा पुन्हा सुरू होतो.

वाळू गेली की विहिरी खोल जातात, हे नदीकाठच्या शेतकऱ्याला कोणी सांगायला नको. पण वाळू गेली की नदीचे पाणी तापते, याबद्दल आपल्याकडे फारसे बोलले जात नाही. जाड वाळूचा पट्टा असला की नदीचे काही पाणी त्याच्या वरच्या अंगाला मुरते, वाळूखालून संथपणे सरकते आणि खालच्या अंगाला पुन्हा प्रवाहात झिरपते. एवढ्या वाटेत त्याला ऊन लागत नाही, त्यामुळे भर दुपारीही ते गार राहते. उन्हाळ्यात पात्रात झिरा खणून पाणी भरणाऱ्या बायकांना हे अनुभवाने माहीत होते. वरचे पाणी कोमट आणि शेवाळी, झिऱ्यातले गार आणि नितळ. वाळू खरवडून नेल्यावर पात्रात उरतो तो काळा कातळ आणि चिकण. एप्रिलच्या उन्हात तापलेल्या कातळावरून पाण्याचा पातळ थर पसरतो, नाहीतर खड्ड्यांत डबकी साचतात. २० अंश सेल्सिअसला एक लिटर पाण्यात साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, तर ३० अंशांना साडेसातच. पुण्यापासून सांडपाणी पोटात घेत आलेल्या नदीत या दीड मिलिग्रॅमलाही मोल आहे, कारण उष्ण पाण्यात घाण कुजण्याचा वेग वाढतो आणि प्राणवायू तेवढ्याच वेगाने संपतो. गोट्यांच्या फटींत अंडी जपणाऱ्या माशांना तर जागाच उरत नाही. भोई समाजाची जाळी रिकामी येतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

वाळू आणि तापमान यांची सांगड जगात इतरत्र घातली गेली आहे. अमेरिकेत कोलोरॅडो नदी १९६३ मध्ये ग्लेन कॅन्यन धरणाने अडवली. पूर्वी गढूळ आणि उन्हाळ्यात उबदार असलेली ती नदी ग्रँड कॅन्यनमध्ये वर्षभर थंड आणि नितळ झाली. तिथले मूळ मासे त्या थंडीत वाढेनात. वाळूच्या पुळणीही झिजल्या आणि त्यांच्या आडोशाला पिल्लांसाठी जे उथळ, उबदार पाणी असे, तेही गेले. १९९६ मध्ये तिथे पहिल्यांदा धरणातून ठरवून सात दिवसांचा पूर सोडण्यात आला. २०१२ पासून तर नियमच झाला, की धरणाखाली मिळणाऱ्या पारिया नदीने पुरेशी वाळू आणून टाकली की मगच असा पूर सोडायचा. पुळणी पुन्हा झिजतात, पूर पुन्हा सोडावा लागतो. तिकडे अडचण थंडीची, इकडे तापण्याची. बिघाडाचा एक धागा मात्र दोन्हीकडे अडलेल्या वाळूशी येऊन भिडतो. जर्मनीने ऱ्हाइन नदीवर इफेत्सहाइमच्या बंधाऱ्याखाली १९७८ पासून दरवर्षी लाखाहून अधिक घनमीटर वाळू-खडी नदीत टाकण्याचा खर्च पत्करला आहे. पात्र खचू नये हा त्यांचा मुख्य हेतू, पण नदीला तिचा वाटा द्यावा लागतो हे त्यांनी मान्य केले आहे.

आपल्याकडे २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आहे आणि ती चांगली आहे. बारीक, सुपीक गाळ शेतातच जायला हवा. तो नदीत ढकलला तर गोट्यांच्या फटी बुजून नुकसानच होईल. जाड वाळूचे तसे नाही. ती धरणाच्या भिंतीपाशी नसून फुगवट्याच्या तोंडाशी, दौंडच्या अंगाला बसते. वाळूचोरांना हे पक्के ठाऊक आहे, म्हणून तर त्यांच्या सक्शन बोटी तिथे फिरतात आणि प्रशासनाला त्या जिलेटिनने उडवाव्या लागतात. या वाळूचा ठराविक हिस्सा भिंतीखाली पात्रात पसरावा आणि पावसाळ्यात सांडव्यातून सुटणाऱ्या पाण्याने ती पुढे न्यावी, अशी आमची मागणी आहे. पुण्याच्या सांडपाण्याचा गाळ त्यात मिसळलेला असल्यामुळे टाकण्याआधी जड धातूंची तपासणी झालीच पाहिजे.

टाकलेली वाळू रातोरात चोरीला जाईल, हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच उजनी ते पंढरपूर या पट्ट्यात वाळूचा एकही लिलाव होता कामा नये. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ च्या निकालानंतर केंद्राने २०१६ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांचा गाभाच हा आहे की पुराने जेवढी वाळू भरून येते त्या मर्यादेत उपसा असावा. जिथे वरून वाळू येण्याची वाटच धरणांनी अडवली आहे, तिथे लिलावाला आधार कशाचा? घरकुलांना वाळू हवी हे मान्य. त्यासाठी राज्याने २०२५ मध्ये कृत्रिम वाळूचे धोरण आणले आहे. ते आधी या पट्ट्याच्या आसपास नेटाने राबवावे.

उजनीच्या गाळाची पुढची निविदा निघेल तेव्हा नदीला परत द्यायच्या वाळूचा आकडा तिच्यात लिहिलेला असावा. धरणाखाली, नरसिंहपूरच्या संगमावर आणि पंढरपुरात पाण्याचे तापमान व प्राणवायू रोज मोजून ते आकडे जाहीर व्हावेत. जलसंपदा, महसूल आणि मत्स्यव्यवसाय या तीन खात्यांपैकी या कामाला जबाबदार कोण, हे सोलापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांनी येत्या पावसाळ्याआधी लेखी सांगावे.