गाणे गावाचे, किल्ली कंपनीची

धानाची कापणी-मळणी आटोपली, की झाडीपट्टीतल्या रात्री जाग्या होतात. मंडई आणि शंकरपटाच्या निमित्ताने गावोगाव मंडप उभे राहतात, वडशाच्या मंडळ्या आपली नाटके घेऊन चामोर्शी तालुक्यापर्यंत येतात आणि शेतकरी-शेतमजूर प्रेक्षक स्वतःच्या पैशाने तिकीट काढून पहाटेपर्यंत बसतो. २०२३ मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री देऊन दिल्लीने या रंगभूमीची दखल घेतली. गावाने ती कितीतरी आधी घेतली होती. या नाटकांतील पदे, दंडारीची गाणी, गोंडी रेला, पूर्व बंगालमधून येऊन या तालुक्यात वसलेल्या निर्वासितांची कीर्तने, हे सारे आता संगणकावर ध्वनिमुद्रित होऊ लागले आहे. ही गोष्ट स्वागतार्हच आहे. परंतु ज्या साधनाने हे मुद्रण होते त्या साधनाचा मालक कोण, हा प्रश्न विचारावयाचा नाही, असा जणू संकेतच पडून गेला आहे.

ध्वनिमुद्रणाचे सॉफ्टवेअर कोणते घ्यावे, याची चर्चा तरुण कलावंतांत होते तेव्हा ती वैशिष्ट्यांच्या यादीवरच होते. प्रो टूल्स हे मोठ्या स्टुडिओंचे, क्यूबेसमध्ये वाद्यसंयोजन सोयीचे, एफएल स्टुडिओत ताल चटकन बांधता येतो, एबलटन रंगमंचावर प्रत्यक्ष वाजवताना उपयोगी पडते. ही विधाने खोटी नाहीत. पण मूळ काम या सर्वांत एकच आहे: निरनिराळे आवाज वेगवेगळ्या पट्ट्यांवर घ्यावयाचे, नको तो भाग कापावयाचा, पट्ट्यांचे प्रमाण जुळवावयाचे आणि एकत्रित गाणे बाहेर काढावयाचे. पेटी, तबला आणि दोन गळे एवढाच संसार असलेल्या मंडळीला हे काम यांपैकी कोणतेही सॉफ्टवेअर करून देईल. खोलीत पंखा घरघरत असेल आणि मायक्रोफोन हलका असेल, तर एकही करून देणार नाही. म्हणजे तुलना जेथे होते तेथे फारसा फरक नाही, आणि फरक जेथे आहे तेथे तुलना होत नाही.

फरक आहे तो मालकीत. गडचिरोलीच्या कार्यकर्त्याला हे समजण्यासाठी लांब जावयास नको. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा गावाला वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सामूहिक हक्क मिळाला. बांबू गावाचा झाला. तरीही तो विकून गावाबाहेर नेण्यासाठी लागणारे वाहतूक परवान्यांचे पुस्तक वनखात्याच्या कपाटातच राहिले. एप्रिल २०११ मध्ये ते पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले, तेव्हा कोठे त्या हक्काला अर्थ आला. गाण्याचेही तसेच आहे. गाणे गावाचे, गळा गावाचा, संगणकही मंडळीनेच उसनवारी करून घेतलेला. परंतु सुट्या पट्ट्यांची सारी जुळवणी ज्या फाइलमध्ये साठवली आहे, तिची किल्ली कंपनीकडे. वर्गणी थकली, कंपनी विकली गेली किंवा तिच्या संचालकांचा विचार बदलला, की ते काम जागच्या जागी थांबते.

ही भीती काल्पनिक नव्हे. लॉजिक हे सॉफ्टवेअर मूळचे जर्मनीतील एमॅजिक कंपनीचे. २००२ मध्ये अ‍ॅपलने ती कंपनी विकत घेतली आणि विंडोजवरील आवृत्ती बंद करून टाकली. विंडोजवर वर्षानुवर्षे काम केलेल्यांनी एकतर नवे महागडे यंत्र घ्यावे, नाहीतर सारे पुन्हा पहिल्यापासून शिकावे. केकवॉकचे सोनार गिब्सन या गिटार बनवणाऱ्या कंपनीच्या पदरात पडले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये तिने त्याचा विकास थांबवला. पुढच्याच वर्षी सिंगापूरच्या बँडलॅबने ते घेऊन फुकट वाटले, आणि २०२३ मध्ये त्या फुकट आवृत्तीच्या जागी दुसरी येणार असल्याचे तिनेच जाहीर केले. मार्च २०२३ मध्ये वेव्हज या ध्वनिसंस्काराची साधने विकणाऱ्या कंपनीने कायमचे परवाने बंद करून केवळ वर्गणी घेण्याचे ठरवले. जगभरच्या ध्वनितंत्रज्ञांनी असा गहजब केला, की काही दिवसांतच तिला माघार घ्यावी लागली. भांडवल कोणापुढे नमते, हे यातून दिसावे. मात्र त्या गहजबात कुलूप तोडलेली प्रत वापरणाऱ्याला आवाज नव्हता. चोरीच्या मालाबद्दल तक्रार कोणाकडे करणार?

येथे काही उत्साही मित्र म्हणतात, भांडवलदाराचे सॉफ्टवेअर फुकट उचलले तर त्यात पाप ते काय. ती तर वसुली झाली! हा युक्तिवाद ऐकावयास क्रांतिकारक वाटतो. प्रत्यक्षात तो कंपनीच्या विक्रेत्याचे काम बिनपगारी करून देतो. चोरीच्या प्रतीवर तयार झालेला मुलगा दुसरे साधन शिकत नाही. उद्या त्याने नागपूरला स्टुडिओ काढला, की तो त्याच कंपनीचे गिऱ्हाईक होतो, आणि तोवर दहा जणांना तेच शिकवून बसलेला असतो. आधी मोकळ्या हाताने उधारी देऊन मग खातेवही उघडणाऱ्या सावकाराची रीत या मुलखाला काही नवी नाही. तोडलेल्या कुलपातून संगणकात विषाणू शिरतात, ते वेगळेच.

पर्याय आहेत, आणि ते निर्दोष नाहीत. पॉल डेव्हिस यांनी सुरू केलेले आर्डर हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. त्याची मूळ संहिता कोणालाही वाचता, बदलता आणि वाटता येते. लिनक्सवर ते विनामूल्य मिळते, विंडोजसाठी तयार प्रत हवी असल्यास थोडी रक्कम मागतात. शिकावयास ते कठीण आहे, आणि मराठीत ते समजावून देणारे फार थोडे. ऑडॅसिटी २००० पासून उपलब्ध आहे, जुन्या यंत्रावरही चालते, एकट्या गायकाला पुरते. दहा-बारा पट्ट्या झाल्या की अडखळते. २०२१ मध्ये म्यूज ग्रुपने ते ताब्यात घेतले आणि वापरकर्त्यांची माहिती गोळा करण्यावरून वादळ उठले; परंतु परवाना मुक्त असल्यामुळे असंतुष्टांना तीच संहिता घेऊन वेगळी चूल मांडता आली. लॉजिकच्या विंडोजवाल्यांना हे शक्य नव्हते. रीपर मुक्त नाही. त्याचा लहान परवाना ६० डॉलरला, म्हणजे सुमारे पाच हजार रुपयांना पडतो. पण ते वर्गणी मागत नाही आणि त्याची फाइल साधा मजकूर असते, हे त्याच्या बाजूने सांगितलेच पाहिजे. दोष लपवून प्रचार करावयाचा तर जाहिरातवाल्यांत आणि चळवळीत फरक काय राहिला?

मंडळीने कोणतेही सॉफ्टवेअर वापरो, प्रत्येक गाण्याची प्रत्येक पट्टी आरंभापासून पूर्ण लांबीची, वेव्ह स्वरूपात वेगळी काढून ठेवली पाहिजे. १९९१ पासून चालत आलेले हे स्वरूप वरीलपैकी प्रत्येक सॉफ्टवेअर उघडते. तिच्या दोन प्रती असाव्यात, एक मंडळीकडे आणि एक ग्रामसभेकडे. सोबत गायक, वादक, गाव आणि तारीख लिहिलेला कागद. नाटकांचा हंगाम संपतो आणि तेंदूपत्त्याची तोडणी सुरू होते, यांच्या मधल्या दिवसांत चामोर्शीला आठवडाभराचे शिबिर घेता येईल. त्याला एक जुना संगणक, एक बरा मायक्रोफोन आणि आर्डर जाणणारा एक माणूस एवढेच लागेल.