दानपेटीला न पेलणारी भूक

भुकेल्याला अन्न देणे हे धर्माचे काम. त्यासाठी सरकारने कराचा पैसा का खर्चावा? अमेरिकेत गरिबांच्या अन्नसाहाय्याचा विषय निघाला की हा प्रश्न हटकून विचारला जातो. गंमत अशी की, ज्यांनी हे काम आपल्याकडे घ्यावे असे सुचवले जाते, त्या धर्मसंस्थांचाच या सूचनेला ठाम विरोध आहे.

या साहाय्याचा कायदा १९६४ सालचा. तेव्हाची ‘फूड स्टँप’ योजना २००८ पासून ‘स्नॅप’ या नावाने चालते. २०२४ मध्ये चार कोटींहून अधिक लोक, म्हणजे दर आठ जणांमागे एक, तिच्यावर अवलंबून होते. जगाला गहू विकणाऱ्या देशाचे हे चित्र आहे! ४ जुलै २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी स्वाक्षरी केलेल्या कायद्याने या योजनेत दहा वर्षांत पावणेदोनशे अब्ज डॉलरहून अधिक कपात होईल, असा तेथील संसदेच्याच अर्थसंकल्प कार्यालयाचा अंदाज आहे. महिन्याला ८० तास काम केल्याचा पुरावा देण्याची अट आता वयाच्या ६४ व्या वर्षापर्यंत लागू झाली. माजी सैनिक, बेघर आणि सरकारी देखरेखीतील पालक-कुटुंबांत वाढून बाहेर पडलेले तरुण यांना २०२३ साली दिलेली सूटही काढून घेण्यात आली.

या कपातीच्या विरोधात उभ्या राहिलेल्यांत ‘ब्रेड फॉर द वर्ल्ड’ ही संस्था आहे. लुथेरन धर्मोपदेशक आर्थर सायमन यांनी १९७० च्या दशकात ती स्थापन केली. ही संस्था अन्नछत्रे चालवत नाही; चर्चमधील सामान्य भाविकांकडून लोकप्रतिनिधींना पत्रे लिहवून घेणे, हेच तिचे काम. २०११ मध्ये कॅथलिक बिशपांची परिषद, इव्हँजेलिकल संघटना आणि साल्व्हेशन आर्मी अशी एरवी एकमेकांशी न पटणारी मंडळीही याच प्रश्नावर ‘सर्कल ऑफ प्रोटेक्शन’ या मंचावर एकत्र आली.

त्यांचा युक्तिवाद धर्मग्रंथावर उभा असता तर तो फार काळ टिकला नसता. मे २०१३ मध्ये संसदेच्या कृषी समितीत कॅलिफोर्नियाचे हुआन व्हर्गास यांनी मॅथ्यूच्या शुभवर्तमानाचा आधार घेऊन योजनेची बाजू मांडली, तर टेनेसीचे स्टीफन फिंचर यांनी काम टाळणाऱ्यांविषयी सेंट पॉलने दिलेल्या इशाऱ्याचा दाखला देऊन कपातीचे समर्थन केले. फिंचर यांच्या स्वतःच्या शेतीला सरकारी अनुदानाचे लाखो डॉलर मिळाले होते. वचने दोन्ही बाजूंना सापडतात.

वजन आहे ते हिशेबाला. ‘फीडिंग अमेरिका’ हे तेथील अन्नपेढ्यांचे सर्वांत मोठे जाळे. त्याच्याच आकडेमोडीनुसार, अन्नपेढ्यांतून एक जेवण मिळते तेव्हा ‘स्नॅप’मधून नऊ जेवणे मिळतात. शिवाय अन्नपेढीचे कोठार देणगीदाराच्या मर्जीवर भरते. मंदीत मागणी वाढते त्याच वेळी देणग्या आटतात. सरकारी साहाय्याचे तसे नाही. नोकऱ्या गेल्या की पात्र कुटुंबे वाढतात आणि खर्चही आपोआप वाढतो. १ ऑक्टोबर २०२५ पासून अर्थसंकल्पाच्या तिढ्यामुळे सरकारी कामकाज थांबले आणि नोव्हेंबरच्या पहिल्या दिवशी ‘स्नॅप’चे पैसे कार्डावर जमा झाले नाहीत, तेव्हा अन्नपेढ्यांपुढे रांगा लागल्या. कामकाज १२ नोव्हेंबरला पूर्ववत झाले. तोवर अवघे काही दिवस गेले होते, तरी दानावर सारे सोपवा म्हणणाऱ्यांना त्या दिवसांचे उत्तर द्यावे लागेल.

या धर्मसंस्थांची खरी अडचण मात्र संसदेत नाही. कपातीला मत देणाऱ्या अनेक सदस्यांना निवडून देणारे मतदार त्यांच्याच प्रार्थनासभांत बसतात. रविवारी भुकेल्यांसाठी डबे गोळा करणारा भाविक मतपेटीपाशी तोच हात दुसरीकडे वळवतो, आणि हे त्याला सुनावण्याचे धैर्य दाखवणारे धर्मोपदेशक थोडे आहेत. दरम्यान, ऑक्टोबर २०२७ पासून साहाय्याचा काही भार, देयकांतील चुकांच्या प्रमाणानुसार, राज्यांवर टाकण्याची तरतूद नव्या कायद्यात आहे. त्यामुळे वॉशिंग्टनला जाणारी पत्रे यापुढे पन्नास राज्यांच्या राजधान्यांनाही पाठवावी लागणार आहेत.