नाद परवडतो कुणाला?

मार्च संपत आला की गडमुडशिंगीच्या आमच्या वस्तीत दोन वर्गण्यांचा हंगाम सुरू होतो. एक भीमजयंतीची. दुसरीला कुणी वर्गणी म्हणत नाही, पण ती वर्गणीच असते. गांधीनगरच्या बाजारातून आणलेली निळी जर्सी, मॅच बघायला मोबाईलचा जादा रिचार्ज, आणि गेल्या वर्षीपर्यंत मोबाईलवर 'टीम लावायचे' पैसे. पहिल्या वर्गणीसाठी आम्हाला दारोदार फिरावं लागतं. दुसरी पोरं आपणहून भरतात.

यंदा जयंतीच्या बैठकीत एक ज्येष्ठ कार्यकर्ते भडकले. म्हणाले, "बाबासाहेबांचा निळा झेंडा धरायला हात नाहीत, आणि अंबानीचा निळा शर्ट घालून नाचता?" एक पोरगा शांतपणे म्हणाला, "काका, ती टीम आपली हाय." बैठक तिथंच विस्कटली. आमच्या डोक्यातून मात्र तो 'आपली' शब्द जाईना. आपली म्हणजे कशी? (लेखात 'संघ' हा शब्द आम्ही टाळतोय. आपल्याकडे तो ऐकला की अर्धे वाचक दचकतात.)

कोल्हापुरात 'नाद' या शब्दाला वजन आहे. नाद म्हणजे काळीज, नाद म्हणजे इभ्रत. पण नाद परवडावा लागतो, हे कुणी बोलत नाही. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्दिऊ यानं दाखवून दिलं की माणसाची आवड त्याची एकट्याची नसते. काय खायचं, कोणतं संगीत ऐकायचं, कोणता खेळ बघायचा, यात त्याचा वर्ग बोलत असतो. एम.ए.ला आम्ही हे परीक्षेपुरतं पाठ केलं. कळलं ते शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर.

फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की त्या पायऱ्यांवर आख्खं शहर येऊन बसतं. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. तिथं टीम निवडायची नसते, ती जन्मानं मिळते. ज्या पेठेत पाळणा हलला, त्या पेठेची टीम. बहुतेक टीमच्या मागे तालीम आहे, तालमीच्या मागे गणपती आहे, पेठेचं राजकारण आहे. लोक म्हणतात, मैदानावर गरीब-श्रीमंत एक होतात, हमाल आणि बिल्डर एकाच पायरीवर बसून एकालाच शिव्या घालतात. आम्हाला हे अर्धं पटतं. पायरी एक असते हे खरं. पण परगावाहून, परदेशातून खेळाडू आणायला पैसा कोण घालतो, बक्षिसं कुणाच्या नावानं लागतात, पोरांच्या मारामारीत पोलीस केस झाली तर कुणाचा पोरगा रात्रीत सुटतो आणि कुणाची नोकरी हुकते, हे पायरीवरून दिसत नाही.

आणि पेठेबाहेरच्यानं काय करायचं? आमची पोरं गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत फौंड्रीत ठेकेदाराकडे राबतात. दुपारची मॅच बघायची तर पाळी बुडते, पगार कापला जातो. पेठेची टीम त्यांना वारशानं मिळालेली नाही. मग रात्री, काम संपल्यावर, मोबाईलवर जी टीम मिळते ती त्यांची होते. तिला जन्माचा दाखला लागत नाही, आडनाव विचारत नाहीत. 'आपली' या शब्दामागची ही भूक त्या ज्येष्ठांनी समजून घेतली असती तर बैठक विस्कटली नसती.

पण पोरांनाही प्रश्न विचारलाच पाहिजे. २००८ साली आयपीएलच्या टीम विकल्या गेल्या तेव्हा मुंबईची टीम सगळ्यांत महाग गेली, ११ कोटी १९ लाख डॉलरना. २०२३ ते २०२७ या पाच हंगामांचे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटी रुपयांना गेले. एवढी किंमत कशाची? तुमच्याआमच्या डोळ्यांची. आपण बघतो म्हणून जाहिराती येतात, जाहिराती येतात म्हणून बोली चढते. माल आपण आहोत आणि गिऱ्हाईकही आपणच. पैसे लावायच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं बंदीचा कायदा केला. तोवर आमच्या ओळखीतल्या एका घरातली बचत गटाच्या कर्जाची रक्कम त्यात गेली होती. हप्ते आई अजून फेडते आहे. श्रीमंताचा नाद त्याच्या खिशातून जातो, गरिबाचा आईच्या.

टीमवर जीव टाकायचा आणि टीमनं आपल्याला दाराबाहेर ठेवायचं, ही गोष्ट आपल्या समाजाला नवी नाही. पळवणकर बाळू हे नाव प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत हवं. चांभार समाजातला हा डावखुरा फिरकी गोलंदाज पुण्यात गोऱ्यांच्या जिमखान्यावर मैदानाची कामं करायचा आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचा. पुढं हिंदूंच्या टीमला त्याच्या गोलंदाजीची गरज पडली, म्हणून घेतलं. मैदानात चेंडू एकच असायचा, पण चहाच्या वेळी बाळूला पॅव्हेलियनबाहेर मातीच्या भांड्यात चहा. इथं कोल्हापुरात शाहू महाराज गंगाराम कांबळेंच्या हॉटेलात जाऊन चहा घ्यायचे, हे त्यासोबत आठवावं.

१९११ साली भारतीयांची टीम इंग्लंडला गेली. बाळूनं त्या दौऱ्यात शंभराहून जास्त बळी घेतले. कप्तान कोण होतं? पतियाळाचे तरुण महाराजा, जे मोजकेच सामने खेळले. बळी घ्यायला बाळू, मिरवायला महाराजा. टीमवरची मालकी आणि टीमसाठी गाळलेला घाम यांची फारकत आयपीएलनं शोधून काढलेली नाही. बाळूला कप्तानपद नाकारलं म्हणून १९२० साली त्याचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम यांनी टीममधून अंग काढून घेतलं. १९२३ साली विठ्ठल हिंदूंचा कप्तान झाला आणि टीम जिंकली. आम्हाला यात महत्त्वाचं वाटतं ते एवढंच, की कप्तानपदाची वाट खेळून मोकळी झाली नाही. खेळायला नकार दिल्यावर झाली. याच बाळूला १९३७च्या निवडणुकीत काँग्रेसनं बाबासाहेबांविरुद्ध उभं केलं आणि तो हरला, हेही लपवायचं कारण नाही. ज्या टीमनं उशिरा का होईना जवळ केलं तिच्यासाठी माणूस कुठवर जातो, हे त्यात दिसतं.

नकाराची ताकद प्रेक्षकांकडेही असते. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिव्हरपूल क्लबनं सर्वांत महाग तिकीट ७७ पौंडांचं करायचं ठरवलं. तेव्हा सुमारे दहा हजार प्रेक्षक सामन्याच्या ७७व्या मिनिटाला उठून बाहेर पडले. टीम २-० नं पुढं होती, सामना २-२ सुटला. चारेक दिवसांत मालकांनी माघार घेतली. टीमवरचं प्रेम त्यांनी सोडलं नाही, त्या प्रेमाची किंमत मालकाला ठरवू दिली नाही.

म्हणून "जर्सी जाळा" असं सांगणाऱ्यांत आम्ही नाही. कोल्हापूरचा अनिकेत जाधव, रिक्षाचालकाचा मुलगा, २०१७ साली १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. तो घडला पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत. ती सरकारी संस्था आहे, म्हणजे आपल्या कराच्या पैशातली. असं मैदान आणि असा प्रशिक्षक आमच्या वस्तीतल्या पोराला कुठं आहे? आमची पोरं मोकळ्या प्लॉटवर खेळतात. प्लॉटवर बांधकाम आलं की पुढचा प्लॉट शोधतात. पोरींना तर तेवढंही नाही.

बैठकीनंतर आठवड्यानं आम्ही त्या पोराकडे गेलो. सोबत एक कागद होता, गावच्या जागेत वस्तीतल्या मुलामुलींसाठी मैदान राखून ठेवावं असा ग्रामपंचायतीला अर्ज. त्यानं दोनदा वाचला. "काकांची सही घेतली का?" म्हणाला. घेतली नव्हती. मग तोच जर्सीवर काकांच्या घरी गेला. आम्ही बाहेर थांबलो. आत बराच वेळ आवाज चढलेले होते, मग चहाचे कप वाजले. अर्जावर आता दोघांच्या सह्या आहेत, १ मेच्या ग्रामसभेत विषय घ्यायचा आहे. जयंतीची वर्गणी मात्र त्यानं अजून दिलेली नाही.