नौपाड्याच्या गच्चीवरचा ड्रोन: नियम काय सांगतात आणि धोका नेमका कुठे आहे

नौपाड्यात दोन इमारतींमध्ये आता किती अंतर उरलंय, हे इथल्या रहिवाशांना सांगायला नको. गोखले रोड, राम मारुती रोडच्या आतल्या गल्ल्यांत जुन्या तीन-चार मजली सोसायट्या पाडून टॉवर उभे राहात आहेत. एकाच्या स्वयंपाकघराची खिडकी दुसऱ्याच्या बेडरूमसमोर येते. अशा जागी गच्चीवरून ड्रोन उडाला की तो आकाशात कमी आणि लोकांच्या घरात जास्त असतो. उडवणारा बहुतेक वेळा पंधरा-अठरा वर्षांचा मुलगा. ईदीचे पैसे साठवून घेतलेला, नाहीतर मामूंनी दुबईहून आणलेला ड्रोन. त्याच्या मनात वाईट काही नसतं, हेही आम्हाला ठाऊक आहे. पण मन साफ आहे म्हणून नियम बदलत नाहीत.

नियम आधी समजून घेऊ. 2014 साली मुंबईत एका पिझ्झावाल्याने ड्रोनने पिझ्झा पोहोचवल्याचा व्हिडिओ काढला. पोलिसांनी त्याची चौकशी केली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने खासगी ड्रोन उडवण्यावरच बंदी घातली. तिथून आपण बरेच पुढे आलो. 25 ऑगस्ट 2021 पासून लागू झालेले ड्रोन नियम एकंदरीत सैल आहेत. 250 ग्रॅमपर्यंतचा ड्रोन 'नॅनो', त्यापुढे 2 किलोपर्यंतचा 'मायक्रो'. नॅनो उडवायला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. मायक्रो केवळ हौसेसाठी उडवत असाल तरी लागत नाही. पण 250 ग्रॅमच्या वरच्या ड्रोनला नोंदणी करून ओळख क्रमांक, म्हणजे यूआयएन, घ्यावा लागतो आणि त्याचा थर्ड पार्टी विमाही हवा. नोंदणीची फी आहे फक्त 100 रुपये. मोडला नियम तर दंड 1 लाखापर्यंत.

बाजारात 249 ग्रॅमचे ड्रोन इतके का दिसतात, याचं उत्तर या 250 च्या आकड्यात आहे. कंपन्यांनी वजन मुद्दाम तिथे आणून ठेवलंय. मात्र पात्यांना गार्ड बसवला किंवा मोठी बॅटरी लावली की तोच ड्रोन सीमा ओलांडतो आणि घरातल्या कुणाला पत्ताही नसतो. आणखी एक गोष्ट मामूंना सांगायला हवी. 9 फेब्रुवारी 2022 पासून परदेशी तयार ड्रोन भारतात आणायला बंदी आहे. संरक्षण, सुरक्षा आणि संशोधनासाठीच सूट आहे. बॅगेत घालून आणलेला ड्रोन कस्टम्समध्ये अडकू शकतो. पुढे नोंदणीच्या वेळीही हीच अडचण उभी राहते.

मग कुठे उडवायचा? डिजिटल स्कायच्या नकाशात हिरवा, पिवळा, लाल असे तीन भाग आहेत. हिरव्यात 400 फुटांपर्यंत परवानगीशिवाय उडवता येतो. विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा 200 फूट आहे. पिवळ्यात हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते, लाल भागात केंद्र सरकारची. मुंबई विमानतळ नौपाड्यापासून सरळ रेषेत साधारण 15 किलोमीटर, म्हणून कुणी निर्धास्त होईल. पण ठाण्यातच हवाई दलाचं ठाणं आहे, तेव्हा उडवण्याआधी नकाशा उघडून आपला ठिपका कोणत्या रंगात येतो ते स्वतः बघा. मित्राने सांगितलं यावर जाऊ नका.

नकाशा हिरवा असला तरी काम संपत नाही. पोलीस एखाद्या भागाला एका वेळी 96 तासांपर्यंत तात्पुरता लाल भाग ठरवू शकतात. त्याशिवाय पोलीस आयुक्त नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 163 खाली (जुनं कलम 144) मनाई आदेश काढतात, तो दोन महिन्यांपर्यंत चालतो. मुंबईचा आदेश ठाण्याला लागू नसतो. ठाणे, कल्याण, डोंबिवली, भिवंडी यांचं आयुक्तालय वेगळं, आदेशही वेगळे. हे आदेश सर्वसामान्य माणसापर्यंत पोहोचतात का, तर क्वचितच. मे 2025 मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या काळात मुंबईत ड्रोनबंदी असताना पवईत एका तरुणावर निवासी संकुलात ड्रोन उडवल्याबद्दल गुन्हा दाखल झाला. अशा गुन्ह्याला भारतीय न्याय संहितेचं कलम 223 लागतं. नोकरीसाठी किंवा पासपोर्टसाठी पोलीस पडताळणी होते तेव्हा असा एक कागदही किती छळतो, हे आपल्या घरांना वेगळं सांगायची गरज नाही.

आता सुरक्षेचं. सातव्या मजल्याच्या उंचीवरून, म्हणजे साधारण 20 मीटरवरून, बंद पडलेला ड्रोन खाली येताना ताशी 70 किलोमीटरच्या आसपास वेग घेतो. हवेचा अडथळा धरून थोडा कमी. खाली शाळेतून येणारं मूल असेल तर? टॉवरांच्या मध्ये जीपीएसचा सिग्नल तुटतो, सळ्यांच्या लोखंडाने होकायंत्र फसतं, आणि 'घरी परत ये' हे बटण दाबलं की ड्रोन समोरच्या भिंतीवर जातो. घारी तर त्याच्यावर सरळ झडप घालतात. इंग्लंडमध्ये 2015 साली ओळखीच्याच शेजाऱ्याचा ड्रोन झाडाला लागून वळला आणि त्याच्या पात्याने दीड वर्षाच्या बाळाचा डोळा गेला. शेजारी काही गुंड नव्हता, हौशी माणूस होता.

पण आमच्याकडे येणाऱ्या तक्रारी पात्यांच्या कमी आणि कॅमेऱ्याच्या जास्त असतात. घरातल्या बायकांनी गॅलरीत कपडे वाळत घालायचे की पडदे लावून बसायचं? गंमत म्हणजे 2021 च्या नियमांत खासगीपणाविषयी जवळपास काहीच नाही. तिथे न्याय संहितेचं कलम 77 कामाला येतं. स्त्रीला तिच्या खासगी क्षणी पाहणं किंवा चित्रित करणं यासाठी पहिल्या गुन्ह्याला किमान एक, कमाल तीन वर्षं कैद. आपल्या दीनमध्ये तर हा मुद्दा चौदाशे वर्षांपूर्वीच मिटलाय. सूरह नूरमध्ये परवानगी आणि सलामाशिवाय दुसऱ्याच्या घरात शिरायला मनाई आहे, सूरह हुजुरातमध्ये लोकांच्या गोष्टींचा शोध घेत फिरायला. दरवाजातून जायला मनाई असेल तर खिडकीतून कॅमेरा पाठवायला मुभा कुठून येणार? मुलाला कलम सांगण्याआधी हे सांगितलं तर लवकर पटतं, असा आमचा अनुभव आहे.

दुसरी बाजूही आहे, आणि ती जास्त गंभीर आहे. डोक्यावर ड्रोन दिसला की लोक घाबरतात, कारण तो कुणाचा हे कळायला मार्ग नसतो. नोव्हेंबर 2025 मध्ये वांद्र्यात 'मातोश्री'जवळ ड्रोन दिसल्यावर केवढा गदारोळ झाला. मग एमएमआरडीएने सांगितलं की तो परवानगी घेऊन चाललेला सर्वेक्षणाचा ड्रोन होता. तिथे खुलासा लगेच झाला. खेड्यात होत नाही. 2024 च्या पावसाळ्यात बीड, जालना भागांत रात्री ड्रोन फिरतात आणि मग चोऱ्या होतात, या चर्चेने गावं रात्र-रात्र जागली. 2025 मध्ये तीच अफवा उत्तर प्रदेशात पसरली आणि ऑक्टोबरमध्ये रायबरेली जिल्ह्यात एका दलित माणसाला चोर समजून जमावाने ठार केलं. आपल्याकडे 1 जुलै 2018 ला धुळ्याच्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून पाच भटक्या माणसांना मारलं होतं, ते आठवतं. अफवा आधी धर्म विचारत नाही, पण अनोळखी चेहरा, दाढी, टोपी दिसली तर शंका लवकर घट्ट होते. म्हणून संध्याकाळनंतर अनोळखी वस्तीत जाऊन ड्रोन उडवण्याचा नाद आपल्या मुलांनी सोडावा, असं आम्ही स्पष्ट म्हणतो. आणि आपल्या मोहल्ल्यावर ड्रोन दिसला तर दगड मारू नका, कुणाला घेरू नका, व्हॉट्सअ‍ॅपवर फॉरवर्ड करू नका. वेळ आणि दिशा टिपा, मोबाईलवर चित्रण करा आणि 112 ला कळवा.

सोसायट्यांनाही करण्यासारखं आहे. गच्ची सामाईक असते. तिथून ड्रोन उडवायचा की नाही, हे सर्वसाधारण सभेत ठरवता येतं. सरसकट बंदीपेक्षा रविवारी सकाळी मोकळ्या मैदानावर एखाद्या मोठ्याच्या नजरेखाली उडवा, असं ठरलं तर मुलंही ऐकतील. ज्याला यात पुढे जायचंय त्याने दहावी झाल्यावर, अठराव्या वर्षी, मान्यताप्राप्त केंद्रातून रिमोट पायलटचं प्रमाणपत्र घ्यावं. शेती, सर्वेक्षण, बांधकाम, सगळीकडे काम आहे. सप्टेंबर 2025 मध्ये सरकारने नव्या ड्रोन कायद्याचा मसुदा लोकांसमोर ठेवला. त्यात तुरुंगवास आणि अपघातग्रस्ताला भरपाई अशा तरतुदी आहेत. म्हणजे वारं कुठल्या दिशेला आहे ते दिसतंय.

लग्नाचे दिवस आले की निकाह आणि वलीम्याच्या पॅकेजमध्ये 'ड्रोन शूट' आपोआप येतं. ते व्यावसायिक काम आहे. 250 ग्रॅमच्या वरचा ड्रोन असेल तर त्या माणसाकडे यूआयएन, विमा आणि पायलटचं प्रमाणपत्र, तिन्ही हवेत. अ‍ॅडव्हान्स देण्याआधी ते मोबाईलवर दाखवायला सांगा, आणि बायकांच्या बाजूला ड्रोन जाणार नाही हे पावतीवरच लिहून घ्या.