बाळाचे ठोके मंद का पडतात?

पोटातल्या बाळाचे ठोके मिनिटाला साधारण ११० ते १६० असतात. काही बाळांचे पन्नास-साठवरच अडकतात. हृदयाची ठेवण ठीक असते, पण वरच्या कप्प्यांचा विजेचा इशारा खालच्या कप्प्यांपर्यंत पोहोचत नाही. हा जन्मजात हार्ट ब्लॉक.

बोट लगेच सुनेकडे जातं. ग्रहणात बाहेर पडली, काहीबाही खाल्लं, नजर लागली! खरं कारण बहुतेकदा रक्तात असतं. आईची प्रतिपिंडं वारेतून बाळाला मिळतात, म्हणूनच तान्हं बाळ पहिले काही महिने कितीतरी आजारांतून बचावतं. पण काहींच्या रक्तात स्वतःच्याच पेशींविरुद्धची ‘अँटी-रो’ प्रतिपिंडं असतात. तीही त्याच वाटेने जातात आणि बहुधा १८ ते २४ आठवड्यांत बाळाच्या हृदयात सूज आणून वण पाडतात.

डोळे-तोंड सतत कोरडं, सांधे दुखतात, तर घरकामाचा थकवा म्हणून सोडू नका, बहिणींनो. कित्येक आयांना मात्र काहीच त्रास नसतो.

अशा शंभर गरोदर स्त्रियांत साधारण दोघींच्याच बाळाला ब्लॉक होतो. एकदा झाला, की पुढच्या खेपेला धोका बराच वाढतो. दहाव्या आठवड्याआधी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन सुरू केल्यास तो निम्म्याहून कमी होतो, असं २०२० च्या एका अभ्यासात दिसलं. पूर्ण ब्लॉक मात्र बरा होत नाही. बहुतेक मुलांना पेसमेकर लागतो. म्हणून दुसऱ्या बाळाचा विचार करण्याआधीच डॉक्टरांकडे ही रक्ततपासणी मागा, आणि सोबत सासूबाईंनाही न्या.